खळ्यात ब्लॉक बसवलेत, आता भाजी कुठे लावू?

मालवण तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे: "घरासमोरच्या खळ्यात दोन वर्षांपूर्वी सिमेंटचे ब्लॉक बसवले. जागा दहा बाय चौदा फूट. गेल्या पावसात बारा कुंड्या मांडल्या, कोकोपीट विकत आणून भरलं, वांगी, मिरची, टोमॅटो लावले. काही कुजले, काही उभ्या उभ्या सुकले. मुलगा म्हणतो, सगळे ब्लॉक उखडून टाकू. काय करावं?" गुहागर आणि अलिबागकडूनही असेच दोन प्रश्न आलेत. त्यांची उत्तरंही यातच देतो.

ताई, सगळे ब्लॉक काढू नका. पावसात दारात चिखल होत नाही, गवत माजत नाही, फुरशाला लपायला जागा राहत नाही. ही सोय तुम्ही पैसे मोजून केली आहे. कडेची एकच पट्टी उचला, दहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद. हे ब्लॉक वाळूवर किंवा बारीक खडीवर नुसते बसवलेले असतात. पहारीने एक सैल केला की बाकीचे न फुटता निघतात. खालची खडी काढा, जमीन टिकावाने वीतभर खणून मोकळी करा आणि कडेने जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचा एक थर मांडून माती भरा. वरचे नऊ इंच आणि खालची मोकळी जमीन मिळून कुठल्याही वेलाला पुरतात. ब्लॉकऐवजी कोबा असेल तर तळ उघडता येणार नाही. तिथे दोन थर उंची घ्या आणि दर दोन फुटांवर चिऱ्यांमध्ये बोटभर फट ठेवा.

पट्टी कुठली निवडायची? आधी पाणी बघा. चार बादल्या पाणी खळ्यात ओता आणि ते कुठून उतरतं ते पाहा. त्या वाटेत आडवा वाफा आला, तर जुलैत पाणी घराकडे तुंबेल. जोत्याला चिकटून वाफा कधीच करू नका, भिंत ओल धरते आणि वाळवी चढते. मध्ये निदान दोन फूट जागा सोडा. मग ऊन बघा. फळभाजीला रोज सहा तास ऊन हवं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, त्यामुळे खळं घराच्या उत्तरेला असेल तर दिवाळीनंतर तिथे सावलीच राहते. अशा ठिकाणी अळू, आलं, हळद आणि कुंडीतली झुडुपी मिरी लावा. ही मिरी फळणाऱ्या आडव्या फांदीच्या छाटापासून केलेली असते, म्हणून आधारावर न चढता झुडपासारखीच राहते.

आता कुंड्या का गेल्या ते सांगतो, कारण ही चूक मी घरोघरी पाहतो. कोकोपीट पाणी धरून ठेवतं. घाटावर कोरड्या हवेत तो गुण आहे. आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे तोच गुण मुळं गुदमरवतो. त्यात कुंडीचा बूड ब्लॉकवर सपाट टेकला की भोक बुजलंच. प्रत्येक कुंडीखाली फुटक्या कौलाचे तीन तुकडे ठेवा. भरताना दोन भाग तांबडी माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत आणि एक भाग भरड, म्हणजे जांभ्याची चिप किंवा सोडणाचे, म्हणजे नारळाच्या सालाचे, तुकडे घ्या. सोडण आठवडाभर पाण्यात भिजवून, दोनदा पाणी बदलून मगच वापरा. किनाऱ्यावरची वाळू नको, तिच्याबरोबर मीठ येतं.

उभ्या उभ्या सुकलेल्या रोपांचं कारण वेगळं आहे. गुहागरच्या दादांनीही हेच लिहिलंय, की हिरवागार टोमॅटो दोन दिवसांत मान टाकतो. सुकलेल्या रोपाचं खोड जमिनीलगत तिरकं कापा आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात लटकतं धरा. पाच-दहा मिनिटांत कापातून दुधाळ धागे उतरले, तर तो जिवाणूजन्य मर रोग आहे. त्यावर फवारणी करून पैसे घालवू नका, लागलेलं रोप त्याने वाचत नाही. ते मातीसकट काढून घरापासून लांब टाका, खतात नको. त्या मातीत पुन्हा वांगी, मिरची, टोमॅटो लावू नका, तिथे वेल किंवा माठ घ्या. नव्या मातीत टोमॅटो हवाच असेल तर अर्का आलोक किंवा अर्का आभा, आणि वांग्यात अर्का निधी किंवा अर्का केशव घ्या. या जाती या रोगाला बऱ्यापैकी दाद देत नाहीत.

पावसाळ्यात मात्र खळ्याचा खरा मान मांडवाचा. ब्लॉकमध्ये खड्डा घेता येत नाही, म्हणून बांबूचे चार खांब रंगाच्या रिकाम्या डब्यांत दगड आणि सिमेंट भरून उभे करा. उंची साडेसहा फूट ठेवा, पडवळ लोंबलं तरी खालून चालता आलं पाहिजे. वारा समुद्राकडून येतो, त्या बाजूचे खांब घराशी तारेने ओढून बांधा. दहा फुटी वाफ्यात चार वेल पुरे: दोन पडवळ, एक शिराळं, एक कारलं. दापोलीच्या विद्यापीठाच्या जाती कोकण श्वेता (पडवळ), कोकण हरिता (शिराळं) आणि कोकण तारा (कारलं) आपल्या पावसासाठीच निवडलेल्या आहेत. बी रात्रभर भिजवून रोहिणी नक्षत्रात, म्हणजे 25 मेच्या पुढे टाका. मृगाची झड लागेपर्यंत रोप दोन-चार पानांवर आलेलं असतं.

झडीत मधमाश्या फिरत नाहीत, फुलं गळून जातात. त्या दिवसांत नर फूल तोडून मादी फुलाला स्वतः टेकवा. मादी फुलामागे इवलं फळ दिसतं, ओळखायला सोपं. शिराळं संध्याकाळी फुलतं, कारलं सकाळी. फळमाशीसाठी क्यू-ल्यूरचा, म्हणजे नर माशीला ओढणाऱ्या वासाचा, सापळा टांगा. आंब्याच्या बागेतला मिथाइल युजेनॉलचा सापळा वेलभाजीच्या माशीला ओढत नाही, आणि नेमका तोच पुष्कळ जण लावतात. किडलेली फळं पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा.

गोगलगायींना संध्याकाळी ओलं गोणपाट पसरा, सकाळी खाली जमलेल्या हातमोजे घालून उचला आणि बादलीतल्या मिठाच्या पाण्यात टाका. वाफ्यात मीठ टाकू नका. आणि पायाला जखम असेल तर चिखलात अनवाणी उतरू नका, आपल्या भागात लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाचा, धोका खरा आहे.

अलिबागच्या वहिनींच्या विहिरीचं पाणी एप्रिलपासून मचूळ होतं आणि मिरचीची पानं कडेने करपतात. वहिनी, असं पाणी रोज थोडं थोडं देण्याने मीठ मुळाशी साठतं. एक-दोन दिवसांआड, पण तळातून निथळेल इतकं द्या. पानांवर शिंपडू नका, बुंध्याशी घाला आणि वर पातेऱ्याचा, म्हणजे सुक्या पानांचा, जाड थर ठेवा. घेवडा हे पाणी सोसत नाही, पालक आणि बीट बरंच सोसतात. मेमध्ये वाफा रिकामा ठेवलात तरी चालेल. तळ उघडा असला की जूनच्या पहिल्या पंधरा दिवसांत पाऊसच मीठ धुऊन खाली नेतो. घरात गोडं पाणी थोडंच असेल, तर ते उगवणाऱ्या बियांसाठी राखून ठेवा, कारण खारं पाणी सर्वांत आधी कोवळ्या रोपालाच मारतं.