परांचीच्या गाठीचं चित्र आधी काढ

बांधकामाच्या जागेवर जाऊन स्केच करायची आहेत ना, मग पहिल्याच दिवशी अख्खी इमारत कागदावर आणायला जाऊ नकोस. परांचीचा, म्हणजे इमारतीभोवतीच्या बांबूंच्या सांगाड्याचा, एक सांधा घे. दोन बांबू जिथे एकमेकांवर येतात तिथे दोरीचे किती वेढे आहेत, शेपूट कुठे खोचलंय, हे पाहून काढ. तो सांधा माणसांचं वजन पेलतो. ते वजन रेषेत उतरेपर्यंत मी तरी पुढे गेले नसते.

आत जाण्याआधी सुपरवायझरला विचार, हेल्मेट घाल. ओल्या सिमेंटला हात लावू नकोस, त्यातल्या चुन्यामुळे कातडी भाजते. दुपारच्या सुट्टीत काम थांबतं, तेव्हा घमेली, फावडी निवांत काढता येतात. माणसांचं चित्र मात्र विचारूनच काढ आणि झाल्यावर त्यांना दाखव. घमेलं डोक्यावर असताना मान कशी ताठ राहते, ते घमेलं वाहणाऱ्या बाईइतकं कुणीच सांगू शकणार नाही.

गंजासाठी रंग शोधत बसू नकोस. गेरू म्हणजे लोखंडाचा ऑक्साइडच, गंजाचाच भाऊबंद. जाड कागदावर व्हिनेगर शिंपडून जुने खिळे रात्रभर ठेवलेस तर गंज स्वतःच उमटतो, फक्त नंतर कागद पाण्याने धू.

आणि चित्रकार सुधीर पटवर्धनांची चित्रं प्रत्यक्ष बघ. ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत त्यांनी मुंबई-ठाण्यातले कामगार, चाळी, बदलती उपनगरं रंगवली. त्यांच्या चित्रात इमारती कितीही उंच असोत, माणूस हरवत नाही. तुझ्या स्केचमध्ये क्रेन छान आलीय, पण ती चालवणारा कुठे आहे?