शेटलंडला (स्कॉटलंडच्या उत्तरेकडची बेटं) पफिन हे समुद्रपक्षी आणि प्राचीन अवशेष एकाच फेरीत पाहायचे तर कधी जावे?

जूनचा पहिला पंधरवडा ते जुलैच्या मध्यापर्यंत जा. ऑगस्ट लागला की पफिन किनाऱ्याच्या कड्यांवरची घरटी सोडून समुद्रावर निघून जातात. मुक्काम दक्षिण टोकाला ठेवा. सम्बर्ग हेडचे पफिन, यार्ल्सहॉफ (कांस्ययुगीन घरांपासून नॉर्स (व्हायकिंग) वस्तीपर्यंतचे थर एकाच जागी) आणि विमानतळ, तिन्ही जवळजवळ आहेत. पफिन पाहायला सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा, दुपारी बरेचसे समुद्रावर असतात. खरी मेजवानी मात्र मूसा बेटावर. तिथला सुमारे 13 मीटर उंच, दोन हजार वर्षांपूर्वीचा दगडी बुरूज उन्हाळ्यात स्टॉर्म पेट्रेल या छोट्या समुद्रपक्ष्यांचं घरटं होतो. भिंतीतल्या फटींतून त्यांची घरघर ऐकू येते. शिकारी पक्ष्यांच्या भीतीने ते अंधारातच किनाऱ्यावर येतात, म्हणून सँडविकहून सुटणारी रात्रीचीच बोट घ्या. जागा कमी, आधी आरक्षण करा. पांढऱ्या उजेडाचा टॉर्च पक्ष्यांवर मारू नका. माळावर बॉन्क्सी (ग्रेट स्कुआ, मोठा समुद्रपक्षी) डोक्यावर झेपावला तर तो घरट्याचं रक्षण करतोय, मुकाट वाट बदला.

अडचण एकच, हवामान. लाटा असतील तर मूसाची बोट रद्द होते आणि धुक्यात विमानंही अडकतात. म्हणून मूसाचं आरक्षण मुक्कामाच्या सुरुवातीला करा, परतीआधी एक दिवस मोकळा ठेवा. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरचं ॲबर्डीन ते शेटलंडचं मुख्य शहर लर्विक ही रात्रीची फेरी बोट साधारण 12 ते 14 तास घेते, पण धुक्याला विमानाइतकी बधत नाही.