फ्रेंच क्वार्टरमध्ये पहिल्यांदा जेवताना

न्यू ऑर्लिन्सला पहिल्यांदाच जाताय ना? मग फ्रेंच क्वार्टरमध्ये, म्हणजे शहराच्या जुन्या भागात, आधी 'अँटवान्स' या रेस्टॉरंटला जा. १८४० पासून चालू आहे, आणि ऑयस्टर रॉकफेलर (हिरव्या सॉससह भाजलेले कालव) इथलंच. 'गॅलटवार्स' या रेस्टॉरंटमध्ये संध्याकाळी पुरुषांना जॅकेट लागतं, ते बॅगेत असू द्या. या जुन्या रेस्टॉरंटांतलं जेवण क्रिओल, म्हणजे शहरी: लोणी, सॉस, समुद्री मासळी. केजन जेवण हे लुइझियाना राज्याच्या गावाकडचं, कॅनडातून हुसकावलेल्या फ्रेंच भाषकांच्या वंशजांचं. १९७९ मध्ये शेफ पॉल प्रुडॉमने 'के-पॉल्स' रेस्टॉरंट काढून ते क्वार्टरात गाजवलं. ते रेस्टॉरंट आता बंद झालंय. गंबो, म्हणजे इथला दाट रस्सा, मात्र चुकवू नका, भेंडी घातलेला मिळाला तर उत्तमच! डुकराचं मांस खात नसाल तर आधी विचारा. गंबोत, राजम्यातसुद्धा बऱ्याचदा डुकराचं सॉसेज असतं.