उजेड बघणाऱ्या मुलीला कुठं पाठवायचं?

प्रश्न : शहापुरात आमचं साड्यांचं लहान दुकान आहे. मुलगी सेकंड पीयूसीला, म्हणजे बारावीला, सायन्सला आहे. मार्क बरे आहेत. संध्याकाळ झाली की मोबाइल घेऊन खडे बाजार, गणपत गल्ली, कधी गोवावेसकडे जाते. सेल्फी नाही, माणसांचे फोटो नाहीत. दुकानांच्या पाट्या, भिजलेला रस्ता, बसच्या काचा, असलं काहीतरी काढते. ‘काय बघालीस गं?’ म्हटलं तर ‘उजेड’ म्हणते. आता तिला फोटोग्राफीच शिकायची आहे आणि सव्वा लाखाचा कॅमेरा हवा आहे. तिचे मामा म्हणतात, इंजिनिअरिंग करू दे, फोटो काय रविवारी काढता येतात. तुम्ही सांगा, यात पोट भरेल का?
– एक वडील, बेळगाव

उत्तर : नमस्कार. कॅमेऱ्याचं आधी सांगतो : या वर्षी घेऊ नका. बाकीचं उत्तर जरा लांब आहे.

फोटोग्राफी शिकायची म्हणून माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं लेन्सची नावं सांगतात. उजेडाबद्दल बोलणारं पोर क्वचित येतं. अर्थात तुमच्या घरात हे यावं यात नवल नाही. तुमच्या दुकानात गिऱ्हाईक साडी उलगडतं आणि ‘जरा बाहेर उजेडात दाखवा’ म्हणतं ना? ट्यूबलाइटखाली साडी आणि ब्लाउजपीसचा रंग जुळतो, दारात नेला की फरक दिसतो. दोन रंग एका दिव्याखाली सारखे आणि दुसऱ्याखाली वेगळे दिसणं हा रंगशास्त्रातला रीतसर अभ्यासाचा विषय आहे. तुम्ही तो धंद्यात शिकलात, लेक रस्त्यावर शिकते आहे.

मामांना पटावं म्हणून थोडं तपशिलात जातो. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. जुन्या पिवळ्या बल्बचा उजेड २७०० केल्विनच्या आसपास, दुपारचं ऊन साधारण ५५००, आणि निरभ्र आकाशाखालची सावली ७००० किंवा त्याहून वर. आकडा वाढतो तसा उजेड निळा होत जातो. आपला मेंदू हा फरक पुसून टाकतो, म्हणून पांढरा शर्ट आपल्याला घरात, दारात, रस्त्यावर पांढराच वाटतो. मोबाइलही आपणहून तीच लबाडी करतो. तिला सांगा, मोबाइल कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये, म्हणजे सेटिंग हातानं करायच्या सोयीत, जाऊन व्हाइट बॅलन्स (कुठल्या उजेडाला पांढरा धरायचं ते सेटिंग) ५५०० वर बांधून ठेव आणि महिनाभर हलवू नकोस. मग खडे बाजारात एकाच चौकटीत मिठाईच्या दुकानाचा पिवळा, मेडिकलचा थंडगार पांढरा आणि वर आभाळाचा निळा असे तिन्ही उजेड वेगळे उमटतील. गणपत गल्लीत निळ्या ताडपत्रीखालचे टोमॅटो मेल्यासारखे दिसतात आणि तांबड्या छत्रीखालचे टवटवीत. भाजीवाल्या मावशींना हे कुणी शिकवलेलं नाही, पण छत्री त्या विचार करूनच निवडतात असा मला दाट संशय आहे.

तिची संध्याकाळची वेळही बरोबर आहे. सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटं आभाळाचा निळा उजेड आणि दुकानांचे दिवे तोलामोलाचे असतात. मग आभाळ काळं पडतं आणि चित्रात नुसते दिव्यांचे ठिपके उरतात. उत्तर युरोपात हा संधिप्रकाश उन्हाळ्यात कितीतरी लांबतो. आपण १६ अक्षांशाच्या जवळ, आपल्याकडे तो झटकन सरतो. जूनमध्ये ही वेळ सातनंतर येते, डिसेंबरात सहानंतर. म्हणजे जागा दुपारीच हेरून ठेवायची आणि त्या वेळेला तिथं नुसतं उभं राहायचं. जाताना मैत्रीण बरोबर असावी. तुमची काळजी मी समजू शकतो, पण ही वेळ बाजार भरलेला असतानाची आहे, रात्रीची नाही.

पावसाचं तर विचारूच नका. आपल्या गावाला या कलेसाठी निसर्गानं दिलेली सर्वांत मोठी देणगी म्हणजे जून ते सप्टेंबर. ढगाळ आभाळ म्हणजे गावावर टांगलेला एकच मोठा मऊ दिवा : सावल्या कडक पडत नाहीत आणि रंग घट्ट दिसतात. डांबर भिजून काळं होतं आणि त्यावर पाट्यांचे रंग उतरतात. न्यूयॉर्कच्या सॉल लायटरनं (१९२३–२०१३) घराच्या आसपासच्या रस्त्यांवर, ओल्या आणि वाफ धरलेल्या काचांतून, छत्र्यांच्या आडून रंग टिपत कितीतरी वर्षं काढली. आपल्याकडे रघुबीर सिंग (१९४२–१९९९) यांनी गंभीर छायाचित्रकार काळ्या-पांढऱ्यातच काम करतात असं मानलं जायचं त्या काळात आयुष्यभर रंगीत काम केलं; भारत रंगाशिवाय बघता येत नाही, अशी त्यांची धारणा होती. दोघांचीही चित्रं तिला बघू द्या, नक्कल मात्र करू देऊ नका. आणि रंग म्हणजे गुलाल, फेटे, शिवजयंतीचे चित्ररथ एवढंच डोक्यात असेल तर तेही बाजूला ठेवायला सांगा. तिथं रंग आयता मिळतो, त्यामुळे डोळा आळशी होतो.

आता पोटाचं. रस्त्यावरच्या रंगांची चित्रं विकत घेणारं गिऱ्हाईक बेळगावात जवळजवळ नाही, मुंबई-बंगळूरातही थोडंच आहे. तिला हे स्पष्ट सांगा, लपवू नका. पण त्या नजरेला पैसे देणारी माणसं बरीच आहेत. आर्किटेक्ट आणि इंटिरिअरवाल्यांना खिडकीचं ऊन, छतातले दिवे आणि भिंतीचा रंग एका चित्रात सांभाळणारा माणूस लागतो, आणि हे नेमकं खडे बाजारातल्या तीन उजेडांचंच कोडं आहे. चोर्ला घाटापलीकडे गोव्यात हॉटेलांचं हेच काम आहे. उद्यमबागेतल्या फाउंड्री आणि हायड्रॉलिक्सवाल्यांना कॅटलॉग लागतात. घासूनपुसून चकाकणाऱ्या धातूचा फोटो काढून बघा, त्यात खोलीतला प्रत्येक दिवा दिसतो. सिनेमा-मालिकांचा कॅमेरा विभाग आहे, चित्रीकरणानंतर रंग बसवणारे कलरिस्ट आहेत, इमारतींची प्रकाशयोजना करणारे आहेत. वर्तमानपत्रांत जागा मोजक्या. लग्नं तर आहेतच. त्यांना नाक मुरडू नये, तुळशीच्या लग्नापासून मे महिन्यापर्यंत तीच घर चालवतात. रविवारी फोटो काढता येतात असं मामा म्हणतात, पण या धंद्यात रविवारीच सर्वांत जास्त काम असतं.

तुमच्या दुकानाचंच बघा ना. साड्या व्हॉट्सॲपवर पाठवता असाल, तर ‘फोटोत वेगळा रंग होता’ ही तक्रार तुम्हाला नवी नसेल. तिला वीस साड्या द्या. उत्तरेच्या खिडकीचा किंवा ढगाळ दिवसाचा उजेड, दुकानातले दिवे बंद, शेजारी एक राखाडी कार्ड ठेवून व्हाइट बॅलन्स त्यावरून, आणि पार्सल उघडल्यावर गिऱ्हाइकाला तोच रंग दिसला पाहिजे अशी अट. साडीची जर चकाकते पण फोटोत पांढरी पडत नाही, मोरपंखी निळा होत नाही, हे जमलं तर ती शिकतेय असं समजा. अंजिरी, डाळिंबी, राणी हे रंग मोबाइलवर सांभाळणं फार कठीण आहे, म्हणून परीक्षा तिथंच घ्या. संध्याकाळी दुकानातल्या एलईडीखाली चित्रात आडवे काळे पट्टे आले तर गोंधळू नका : आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवलं की पट्टे बहुधा जातात. रस्त्यावर जिथं अजून सोडियमचा पिवळा दिवा आहे, तिथं मात्र निळा-तांबडा मळकाच दिसणार. त्या उजेडात ते रंग जवळजवळ नसतातच, मग कुठलंही सेटिंग ते परत आणू शकत नाही.

हे वर्षभर मोबाइलवर करू द्या. त्यानंतर जुना चांगला कॅमेरा आणि ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स (कमी उजेडातही चालणारी) पुरे. सव्वा लाख तिच्या शिक्षणासाठी ठेवा.

शिक्षणाचे रस्ते मला दोन दिसतात. पहिला बीएफए, म्हणजे ललित कलेची पदवी. मैसूरच्या चामराजेंद्र दृश्यकला अकादमीत छायाचित्रण आणि फोटो-जर्नलिझमचा विभाग आहे, संस्था सरकारी आहे, आणि आपल्या राज्यातली आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना तिथं कन्नड सुधारावं लागतं. ते केलंत तर पुढं बंगळूरचं कामही सोपं होतं. महाराष्ट्रात जायचं असेल तर बीएफएसाठी एएसी सीईटी ही कला अभ्यासक्रमांची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिच्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि स्मरणचित्र असतं, कॅमेरा नसतो. तिनं पेन्सिल शेवटची कधी धरली ते विचारा. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी महाराष्ट्राच्या व्यावसायिक प्रवेशांत तरतूद असते. या अभ्यासक्रमाला ती कशी लागू होते ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघा आणि कागदपत्रं आत्तापासून जमवा.

दुसरा रस्ता मला तिच्यासाठी जास्त आवडतो. घरी राहून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. करावी, बरोबर एखाद्या चांगल्या स्टुडिओत उमेदवारी करावी, आणि मग पदव्युत्तर शिक्षणासाठी बाहेर पडावं. एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगर केंद्रात फोटोग्राफी डिझाइन आहे, दिल्लीच्या जामिया मिलियात स्थिरचित्रणाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेत सिनेमॅटोग्राफी आहे. अर्ज करायला फोटोग्राफीचीच पदवी हवी असं तिथं नाही. एकविसाव्या वर्षी हातात चांगलं काम घेऊन गेलेली मुलगी अठराव्या वर्षी नुसती हौस घेऊन गेलेल्या मुलीपेक्षा जास्त कमावून परत येते, असं माझं मत आहे. काही लाख फी घेणाऱ्या खासगी संस्था ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणाल्या, तर मागच्या तुकडीतली मुलं आज कुठं काम करतात ते विचारा आणि त्यांच्याशी स्वतः बोला.

इंजिनिअरिंग वाईट नाही. पण ज्या मुलीला ते नको आहे तिला चार वर्षं विम्यासारखं घालू नका. इंजिनिअरिंगच्या सीईटीला बसू द्या, निकाल हातात असू द्या, निर्णय मग घ्या.

काही गोष्टी धंद्याच्या. कँप भागात लष्कराची फाटकं, किल्ल्यातल्या लष्करी इमारती यांच्याकडे कॅमेरा वळवायचा नाही. किल्ल्यातल्या कमलबस्ती या जुन्या जैन मंदिरात ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक काढून घेणारा असतो, वेगळा करार नसेल तर. पहिलं काम घेण्याआधी एक पानी करार करायला तिला आत्ताच शिकवा. तुम्ही व्यापारी आहात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं.

भेटायला याल तेव्हा मोबाइल दाखवू नका. तिनं काढलेल्यातली बारा चित्रं तिलाच निवडू दे आणि लॅबमधून सहा-आठच्या आकारात छापून आणा. त्यातली कुठली तिनं का वगळली, हे मी तिला विचारणार आहे. तुम्ही बाहेर बसा.