साडेतीन वर्षांच्या मुलीला संक्रांत घरच्या घरी कशी कळेल?

तुम्ही लिहिलंय की बालवाडीतून पतंगाचं चित्र रंगवायला येतं, पण त्यापलीकडे मुलीला संक्रांतीचं काहीच कळत नाही. माझ्या मते या वयात सण समजावून सांगायला जाऊ नये, त्यातली कामं मुलीकडे सोपवावीत. संकरासुर, राशी, उत्तरायण हे सगळं पाच-सहा वर्षांची झाल्यावर. आत्ता थंडीत ऊन हवंसं वाटतं आणि तिळगूळ दुसऱ्याला द्यायचा असतो, एवढं पोचलं तरी पुष्कळ.

सगळ्यात जास्त वेळ तिळगुळाला द्या. पाकाचे लाडू मात्र तिच्याबरोबर करू नका. उकळता गूळ कातडीला चिकटून बसतो, म्हणून साध्या गरम पाण्यापेक्षा जास्त भाजतं. शिवाय ते लाडू गरम असतानाच वळावे लागतात, म्हणजे तिच्या वाट्याला नुसतं बघणं. कुटाचे करा: १ वाटी बिनपॉलिशचे तीळ, अर्धी वाटी शेंगदाणे, पाऊण वाटी किसलेला साधा मऊ गूळ, १ चमचा तूप, थोडी वेलची. चिक्कीचा गूळ इथे नको, तो पाकासाठी असतो. कुटात त्याचे खडे राहतात.

तीळ मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचे, दाणेही वेगळे भाजायचे. हे काम तुमचं. मग दोन्ही पूर्ण गार होऊ द्या. इथेच बहुतेकांची घाई होते. गरम तीळ मिक्सरमध्ये गेले की तेल सुटतं, गूळ पातळ होतो आणि सगळा गोळा पात्याला चिकटतो. तोवर गार दाणे कापडी पिशवीत भरून तिला चोळायला द्या, सालं सुटतात. गॅलरीत ताटातली सालं फुंकून उडवणं हा तर तिच्या दृष्टीने दिवसातला सर्वांत मोठा कार्यक्रम असेल. फक्त अख्खा दाणा तोंडात जात नाही ना, याकडे लक्ष हवं. या वयात तो घशात अडकू शकतो. मिक्सर थांबून थांबून फिरवा, कूट रवाळ राहिलं पाहिजे. गूळ-तूप घालून मळायला परात तिच्यापुढे ठेवा. लाडू मोठ्या बोराएवढे वळा, तिच्या मुठीला तेवढेच जमतात. फुटायला लागले तर गूळ कोरडा आहे असं समजा आणि अर्धा चमचा तूप वाढवा. दुधाचा हात लावू नका, मग लाडू टिकत नाहीत. तिने आजवर तीळ खाल्लेच नसतील तर आधी एका दिवशी चिमूटभर देऊन बघा. काही मुलांना तिळाची ॲलर्जी असते.

आता वाटणं. स्वतः वळलेला लाडू दुसऱ्याला द्यायचा म्हटलं की रडारड होते, आणि त्यात तिचं काही चुकत नाही. पहिला लाडू तिचा, तो तिने खाऊन टाकायचा. उरलेल्यांपैकी पाच तिने मोजून डबीत भरायचे आणि कोणाला द्यायचे ते आधीच ठरवायचं: आजी, आजोबा, शेजारच्या काकू. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ हे आठवडाभर आधीपासून भातुकलीत बाहुलीला म्हणून बघा. ऐन वेळी लाजली तर वाक्य तुम्ही म्हणा, तिने फक्त हातावर लाडू ठेवायचा. सगळ्यांसमोर ‘म्हण ना, म्हण ना’ करत बसू नका.

काळे कपडे का घालतात, हे सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं आहे. एकाच जाडीचे दोन रुमाल, एक काळा, एक पांढरा, उन्हात पंधरा-वीस मिनिटं पसरून ठेवा आणि तिच्या गालाला लावा. वारा असेल तर फरक जाणवत नाही, म्हणून आडोशाची जागा बघा.

उन्हाचा दुसरा खेळ जरा लांबणारा आहे. ३० सेंटिमीटरची पट्टी सपाट जमिनीवर उभी धरा आणि दुपारी पाऊणच्या सुमारास सावलीच्या टोकाशी खडूने खूण करा. पुण्याच्या आसपास २२ डिसेंबरला सावली साधारण २७ सेंटिमीटर पडते, १४ जानेवारीला २५ आणि फेब्रुवारीअखेर १५. म्हणजे संक्रांतीपर्यंत जेमतेम दोन बोटांचाही फरक पडत नाही, तेव्हा लगेच काही दिसेल अशी आशा तिला लावू नका. खुणा ठेवा आणि पंधरा-पंधरा दिवसांनी पुन्हा बघा.

भोगीला, म्हणजे आदल्या दिवशी, बाजरीच्या भाकरीवर तीळ लावायचं काम तिचं. भाकरी परातीत असतानाच, तव्यावर गेल्यावर नाही. सुगडं आणाल तेव्हा दोन जास्तीची आणा, एखादं फुटणारच. हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, गाजर, बोरं, उसाचे तुकडे वेगवेगळ्या वाट्यांत मांडून ठेवा आणि प्रत्येक सुगडात सगळ्यातलं थोडं थोडं तिला भरू द्या. नावं आपोआप पाठ होतात. बी असलेली बोरं मात्र खायला देताना बी काढून द्या.

पतंग तिला उडवता येणार नाही, त्याची खंत नको. जुन्या वर्तमानपत्राचा छोटा पतंग, दीड हात साधा शिवणाचा दोरा, आणि मोकळ्या मैदानावर पळणं. गच्चीवर नाही. मांजा घरात आणूच नका. नायलॉनच्या मांजावर तर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे.

बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं. डोक्यावर काहीतरी ओतलं जाणार म्हटल्यावर बरीच मुलं बिथरतात, आणि हलव्याचे दागिने गळ्याला टोचतात. दागिने कपड्यांवरून घाला, दोरा सैल ठेवा, फोटो झाले की लगेच काढा. चुरमुरे आणि बिस्किटांचे तुकडे पुरेत. रेवड्या, दाणे, गोळ्या गोळा करायला येणाऱ्या लहानग्यांसाठीही धोक्याच्या. आदल्या दिवशी बाहुलीला पाटावर बसवून तिचं बोरन्हाण मुलीच्या हातून करून घ्या. मग स्वतःच्या वेळी ती घाबरली, तर बाहुलीला मांडीवर देऊन दोघींवर मिळून मूठभर चुरमुरे खांद्यावरून सोडा. डोक्यावरूनच ओतले पाहिजेत असं काही नाही.