बायर सीटीपॅट मागतोय, काय करू?

प्रश्न : मकरपुरा जीआयडीसीत आमचं व्हॉल्व्हचे पार्ट बनवायचं छोटं युनिट आहे, वडिलांनी सुरू केलेलं, आता मी आणि माझा भाऊ बघतो. वर्षाला पंधरा-वीस शिपिंग बिलं (माल एक्सपोर्ट करताना कस्टम्सला द्यायचे कागद) होतात, कंटेनर आमच्याकडेच भरतो. आता अमेरिकेतला बायर विचारतोय की तुम्ही सीटीपॅट मेंबर आहात का, नसाल तर सोबतचा सिक्युरिटीचा फॉर्म भरून पाठवा. एक कन्सल्टंट म्हणतो सर्टिफिकेट काढून देतो, पण त्याचा आकडा ऐकून भाऊ म्हणाला राहू दे. खरंच काढावं लागतं का? दोन वर्षांपूर्वी ड्रॉबॅकच्या (एक्सपोर्टवर परत मिळणाऱ्या ड्युटीच्या) रेटवरून एक नोटीस आली होती, ती आडवी येईल का?
– एक वाचक, बडोदा

उत्तर : भावाचं ऐका. सीटीपॅट हा अमेरिकेत येणारा माल वाटेत सुरक्षित राहावा म्हणून अमेरिकन कस्टम्सचा प्रोग्रॅम, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर नोव्हेंबर २००१ मध्ये सुरू झालेला, पूर्ण ऐच्छिक आणि फी काहीच नाही. पण त्यात परदेशी कारखानदार म्हणून मेक्सिको आणि कॅनडावाल्यांनाच घेतात, त्यामुळे मकरपुऱ्यातल्या कारखान्याला कोणी कितीही पैसे घेतले तरी ती मेंबरशिप मिळवून देऊ शकत नाही. कन्सल्टंटला एवढंच विचारा, सर्टिफिकेट नक्की देणार कोण?

बायर स्वतः मेंबर असणार, आणि मेंबरला आपले सप्लायर माल कसा भरतात, कसा पाठवतात हे तपासावं लागतं, म्हणून तो फॉर्म. तो भरून पाठवा आणि जे करत नाही ते करतो म्हणून लिहू नका, कारण पुढे कोणी बघायला आलं तर तोंड दाखवायला जागा राहत नाही.

तुमच्यासाठी आपल्या कस्टम्सचा एईओ प्रोग्रॅम आहे, म्हणजे भरवशाच्या व्यापाऱ्यांना मान्यता देणारा, २०११ ला पायलट म्हणून आला आणि २०१६ पासून आजच्या रूपात आहे, यालाही फी नाही आणि अर्ज ऑनलाइन करायचा. एक्सपोर्टरसाठी टी-१, टी-२, टी-३ अशा तीन पायऱ्या आहेत. नेहमीचा नियम वर्षाला शिपिंग बिलासारख्या २५ डॉक्युमेंटचा, त्यात तुम्ही बसत नाही, पण डिसेंबर २०२० पासून एमएसएमईला, म्हणजे लघु-मध्यम उद्योगांना, सूट आहे, १० पुरतात, फक्त दोन्ही सहामाहीत किमान ५-५ हवीत, आणि धंदा ३ ऐवजी २ वर्षांचा चालतो. म्हणजे एमएसएमई असल्याचं उद्यम सर्टिफिकेट हाताशी असेल तर काम झालं. टी-१ नुसत्या कागदांवर मिळतं, कागद पूर्ण असले की एमएसएमईचा निकाल १५ वर्किंग डेजमध्ये लावायचा असतो. हे काम तुमचा सीएचए (कस्टम्सचे कागद बघणारा एजंट) आणि अकाउंटंट मिळून सहज करतील.

पण बायरला खूश करायचं असेल तर टी-१ वर थांबून चालणार नाही. भारत आणि अमेरिकेच्या कस्टम्सचा एकमेकांचे मेंबर मान्य करायचा करार सप्टेंबर २०२१ मध्ये झाला, त्याचा फायदा टी-२ पासून वर आहे, आणि टी-२ साठी अधिकारी कारखान्यात येऊन बघतात. ते बघतात त्या गोष्टी आजपासून सुरू करा, फॉर्मलाही त्याच लागतील. रिकामा कंटेनर आला की भरायच्या आधी सात ठिकाणं तपासायची : समोरची भिंत, डावी बाजू, उजवी बाजू, तळ, छत, दरवाजे आतून-बाहेरून आणि खालचा सांगाडा. फोटो काढा, रजिस्टरला सही घ्या. कंटेनरच्या दाराचं बोल्ट सील आयएसओ १७७१२ या मानकाचंच वापरा, लावल्यावर नंबर कागदाशी जुळवा, ओढून बघा, पिळून बघा. न लावलेली सीलं कुलपात ठेवा, आपल्याकडे ती खुशाल टेबलाच्या ड्रॉवरमध्ये पडलेली असतात आणि चहा आणणारा पोरगासुद्धा उचलू शकतो. गेटवर ड्रायव्हरचं नाव, गाडी नंबर आणि वेळ लिहा. यात खर्च फार नाही, शिस्त लागते, आणि खरं सांगायचं तर शिस्तीचंच जड जातं.

नोटिशीचं म्हणाल तर नुसता रेटचा वाद असेल तर घाबरू नका. फसवणूक, खोटे कागद, स्मगलिंग असल्या आरोपाची नोटीस मागच्या तीन वर्षांत असेल तर अडतं. अर्जात मात्र ती लपवू नका, कस्टम्सकडे रेकॉर्ड असतंच.

प्रश्न : माझ्या तीन ट्रक आहेत, दशरथ आयसीडी (कंटेनरचा ड्राय पोर्ट) ते हजिरा बंदर कंटेनर नेतो. मला एईओ मिळेल का?
– ट्रान्सपोर्टवाला, छाणी

उत्तर : मिळू शकतं. ट्रान्सपोर्टर, गोदामवाले, कस्टम्स ब्रोकर यांच्यासाठी एईओ-एलओ म्हणून वेगळा प्रकार आहे, मिळालं की ५ वर्षं चालतं. पण इथे नुसत्या कागदांवर भागत नाही, यार्ड आणि गाड्या बघायला येतात. तेव्हा आधी गाडी रात्री कुठल्या ढाब्यावर किती वेळ उभी राहते त्याची नोंद जीपीएसवरून ठेवायला लागा, आणि ड्रायव्हर ठेवताना लायसनची कॉपी घेऊन मोकळं होऊ नका, पोलीस व्हेरिफिकेशनही करून घ्या.