टाचेमागची गाठ आणि वडिलांचे वय

प्रश्न : मी ३६ वर्षांचा असून जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. वजन ६१ किलो, कसलेही व्यसन नाही, घर माळकरी. गेल्या महिन्यात विम्यासाठी रक्त तपासले, तेव्हा एकूण कोलेस्टेरॉल ३३६ आणि त्यातले ‘वाईट’ म्हणतात ते एलडीएल २६२ निघाले. दोन्ही टाचांच्या मागे गाठी आहेत. त्या दुखत नाहीत, त्यामुळे चप्पल घासून आल्या असतील असे मी समजत होतो. वडील ४४ व्या वर्षी सोयाबीनची रास चालू असताना शेतातच गेले. ‘गॅस झालाय’ एवढेच ते म्हणाले होते. पत्नी माझ्या सख्ख्या मामाची मुलगी आहे. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ५ वर्षांचा. गोळी एकदा लागली की जन्मभर सुटत नाही आणि लिव्हर खराब होते, असे सगळे सांगतात. तूप बंद करून भागणार नाही का?
— एक वाचक, ता. औसा, जि. लातूर

उत्तर : तूप बंद करून भागणार नाही, हे आधीच सांगतो. अगदी काटेकोर पथ्य पाळले तरी एलडीएल फार तर दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते, आणि आपला आकडा २६२ आहे. शिवाय माळकरी घरातल्या, ६१ किलो वजनाच्या माणसाचे एलडीएल इतके वाढते, तेव्हा कारण ताटात शोधण्याऐवजी रक्ताच्या नात्यात शोधावे लागते.

आपण ज्या गाठींचा ओझरता उल्लेख केला आहे, त्या मला आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटतात. पोटरीपासून टाचेपर्यंत येणारी जी जाड शीर असते (रक्ताची नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी), ती अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून वरून खाली चाचपावी. निरोगी माणसात ती चपटी, ताणलेल्या दोरीसारखी एकसारखी लागते. कोलेस्टेरॉल साचलेली शीर जाड, खडबडीत, मध्येच फुगलेली लागते; वरची त्वचा मात्र नेहमीच्याच रंगाची राहते आणि गाठीवरून मोकळी सरकते. पाऊल वरखाली केले की गाठही शिरेबरोबर हलते. चप्पल घासून जे घट्टे पडतात ते कातडीत असतात आणि चरबीची साधी गाठ मऊ लागते, त्यामुळे हाताला फरक कळतो. मग मूठ वळून बोटांच्या पेरांमागच्या शिराही पाहाव्यात, कारण तिथेही अशाच गाठी येतात. एक्सरे काढणाऱ्यालाही आणि मलम लिहून देणाऱ्यालाही या गाठी पुष्कळदा कळत नाहीत, हे आमच्या व्यवसायाचे उणे आहे.

आपल्या आजाराचे नाव कौटुंबिक हायपरकोलेस्टेरोलेमिया असण्याची दाट शक्यता आहे. यकृताच्या पेशींवर एलडीएल रक्तातून उचलून घेणारी ग्राहके असतात. ती घडवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली असली की उचल निम्म्यावर येते आणि एलडीएल रक्तातच फिरत राहते. ही यंत्रणा उलगडून दाखवल्याबद्दल मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. साधारण अडीचशे ते तीनशे माणसांत एकाला हा दोष असतो, म्हणजे मोठ्या गावात अशी कुटुंबे असणारच. चाळिशीत मांसाहार सुरू करणाऱ्याचे कोलेस्टेरॉल चाळिशीत वाढते, आपल्या धमन्यांवर मात्र हा थर जन्मापासून चढतो आहे; उपचार न घेतलेल्या पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांना पन्नाशीच्या आतच हृदयविकार गाठतो, तो यामुळे.

डॉक्टर यासाठी एक डच गुणपद्धती वापरतात. शिरेतील गाठीला ६ गुण, आपल्याइतक्या एलडीएलला ५, आणि पंचावन्नच्या आत हृदयविकार झालेल्या सख्ख्या पुरुष नातेवाइकाचा १. आठच्या वर गेले की निदान निश्चित धरतात. वडील हृदयविकाराने गेले याचा कागद आपल्याकडे नसेल, परंतु तो १ गुण वगळला तरी ११ होतात. मात्र थायरॉइड मंदावणे, मूत्रपिंडातून प्रथिने जाणे किंवा यकृतातील पित्ताचा अडथळा यांनीही एलडीएल चढते, म्हणून त्या तपासण्या आधी कराव्यात. गाठी नसल्या म्हणजे हा आजार नाही, असा उलटा अर्थ मात्र कोणी काढू नये, कारण पुष्कळ रुग्णांत त्या दिसतच नाहीत. ईसीजी ठीक आला म्हणूनही निश्चिंत होऊ नये. आतला थर वाढत असतानाही तो ठीक येऊ शकतो.

आता गोळी. कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन गटातील गोळी जन्मभर घ्यावी लागते हे खरे आहे, कारण दोष जन्मभराचा आहे. त्यात गोळीची सवय लागण्याचा भाग नाही. यकृताचे विकर (एन्झाइम) रक्तात थोडे वाढल्याचे काही जणांत दिसते आणि काहींचे स्नायू दुखतात, परंतु यकृत निकामी होणे अत्यंत विरळ आहे. सुरुवातीला आणि नंतर डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त तपासले की पुरते. अॅटोरव्हास्टॅटिन या स्टॅटिनच्या मोठ्या मात्रेने एलडीएल साधारण निम्म्यावर येते, म्हणजे आपले १३१ च्या आसपास. ते पुरेसे नाही, त्यामुळे सोबत एझेटिमाइब हे दुसरे औषध द्यावे लागेल. एलडीएल किमान निम्मे कमी व्हावे आणि १०० च्या खाली, जमल्यास ७० च्या खाली यावे, असा हेतू असतो. जेनेरिक घेतल्यास खर्च आवाक्यात राहतो. लातूर किंवा अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवता येईल.

मुलांचे रक्त दोघांचेही तपासा. प्रत्येक अपत्याला हा दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. अशा घरातल्या मुलाचे एलडीएल १६० च्या वर निघाले तर संशय बळावतो आणि औषध साधारण आठ ते दहा वर्षांच्या वयापासून देता येते, म्हणजे मुलीचा विचार आताच करावा लागेल. मुलगी मोठी झाल्यावर मूल होऊ देण्याच्या विचाराआधी गोळी थांबवावी लागते, हे तिच्या कागदपत्रांत लिहून ठेवावे.

पत्नीच्या बाबतीत विचार थोडा बारकाईने करावा लागतो. दोष वडिलांकडून आला असेल तर आईच्या माहेरची मंडळी त्यातून सुटतात, आणि आपली पत्नी त्या माहेरची आहे. परंतु आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न एका पिढीपुरते थांबत नाही. आपल्या आईवडिलांचेही आधीचे नाते असेल, तर दोन्ही घराणी मागे एकाच ठिकाणी मिळतात. म्हणून पत्नीचे रक्त एकदा पाहाच. आईबाप दोघांतही दोष असेल तर प्रत्येक अपत्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असण्याची शक्यता चारांत एक असते. अशा मुलांच्या कोपरांवर, गुडघ्यांवर, ढुंगणावर आणि बोटांच्या बेचक्यांत लहानपणीच पिवळसर गाठी येतात आणि हृदयाचा झटका किशोरवयातही येऊ शकतो. आपल्या मुलांच्या अंगावर असे काही असते तर पत्रात तेच आधी आले असते, असे वाटते. आपल्या भावंडांना आणि चुलत्यांनाही कळवा. वडिलांच्या वर्षश्राद्धाला सगळे जमतील, तेव्हा एकमेकांच्या टाचा पाहणे फारसे अवघड नाही.

आणि छातीत आग होऊन घाम फुटला, जबडा किंवा डावा हात भरून आला, तर सोडा पिऊन वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

प्रश्न : माझे वय ५३. डोळ्यांच्या पापण्यांवर, नाकाच्या बाजूला पिवळे चट्टे आले आहेत. कोलेस्टेरॉल एकदा तपासले, ते ठीक होते. मैत्रीण चुना लावायला सांगते.
— एक वाचक, परभणी

उत्तर : ताई, डोळ्यापाशी चुना मुळीच लावू नका, बुबुळ भाजले तर नजर जाईल. या चट्ट्यांना झँथेलाझ्मा म्हणतात आणि ते असलेल्या जवळपास निम्म्या लोकांचे कोलेस्टेरॉल ठीकच असते. दिसायला ते ठळक, परंतु पुरावा म्हणून टाचेच्या गाठीपेक्षा कितीतरी कच्चे. बुबुळाभोवतीच्या राखाडी कड्याचेही तसेच आहे. म्हातारपणी ते सर्रास दिसते, पंचेचाळीसच्या आत दिसले तर मात्र रक्त तपासावे. आपण थायरॉइड, साखर आणि लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची सविस्तर तपासणी) पुन्हा करून घ्या, आणि घरात कोणी तरुणपणी हृदयविकाराने गेले होते का, ते डॉक्टरांना सांगा. चट्टे त्वचारोगतज्ज्ञांकडून काढता येतात, पण पुष्कळदा काही वर्षांनी परत येतात.